दिवाळीची सफाई आणि आजारी पाणी

मुलांनो, दिवाळीच्या आधी तुमच्या घरी काय काय धुऊन निघतं? डबे, पडदे, पंखे, माळ्यावरची भांडी. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी त्यात आणखी एका वस्तूची भर घातली. फिशटँक!

भाचेराव सातवीत आहेत. त्यांच्याकडे सत्तर लिटरचा, खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे पाच महिने मजेत होते. सफाईच्या दिवशी त्याने टँकमधले दगड नळाखाली ब्रशने घासले. फिल्टरचा स्पंज साबणाशिवाय, पण अगदी खसाखसा धुतला आणि दोन दिवस गच्चीवर खडखडीत वाळवला. टँक कसा लख्ख झाला!

पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, एक मासा मेला गं. दुसरा वरती येऊन धापा टाकतोय. पाणी तर एकदम स्वच्छ आहे! कुठलं औषध घालू?"

"काही घालू नकोस. आधी पाणी तपासू," मी म्हटलं आणि निघाले.

ताप आला की डॉक्टर आधी थर्मामीटर लावतात, हो ना? तसंच हे. वाटेत मी दुकानातून पाण्याच्या चाचणीचा संच घेतला. परीक्षानळीत टँकचं पाणी घेऊन थेंब टाकले. रंग पिवळा राहायला हवा होता. पण बघता बघता तो हिरवा झाला! म्हणजे पाण्यात अमोनिया होता, लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम. असायला हवा होता शून्य.

हा अमोनिया आला कुठून? माशांच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं तरी तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात तो जास्तच विषारी ठरतो. मग पाच महिने तो कुठे होता? त्याला खाणारे जिवाणू टँकमध्येच राहत होते! एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना त्यामानाने फारच कमी त्रास देतं, आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की कमी होतं. असे जिवाणू शेतातल्या मातीतही असतात. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले.

या जिवाणूंची घरं म्हणजे दगड आणि फिल्टरचा स्पंज. आता आलं लक्षात? घासणं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि वर गच्चीवरचं ऊन! भाचेरावांनी मळ नव्हे, टँकचे सफाई कामगारच घालवले होते.

मग आम्ही हायड्रोमीटरने खारेपणा मोजला. १.०२५ च्या आसपास हवा, तो १.०३० भरला. "मी तर पाणी कमी झालं की मिठाचंच पाणी घालतो," तो म्हणाला. हीच दुसरी चूक. मिठागर आठवा. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. टँकमध्येही तेच होतं. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी क्लोरीन काढलेलं गोडं पाणीच घालायचं.

उपाय साधे होते, पण धीर लागणारे. पहिले पाच दिवस रोज पाव टँक पाणी बदललं. नवं पाणी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. ते आदल्या दिवशी कालवून, हवेच्या पंपाने ढवळत ठेवलेलं, आणि खारेपणा किंचित कमी, म्हणजे माशाला एकदम झटका बसू नये. दोन दिवस खाणं बंद, नंतर चिमूटभर. दुकानातल्या काकांनी त्यांच्या जुन्या, निरोगी टँकमधला एक दगड दिला. त्याच्यावर जिवाणूंचं आयतं बिऱ्हाड होतं! औषध मात्र घातलं नाही. काही औषधं उरलेसुरले जिवाणूही मारतात.

भाच्याने रोज संध्याकाळी आकडे वहीत लिहिले आणि आलेखकागदावर दोन रेघा काढल्या. अमोनियाची रेघ हळूहळू उतरली. तोवर नायट्राइटची चढली, मग तीही उतरली. चौथ्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आल्या. मासा वाचला.

पहिल्या माशासाठी तो खूप रडला. "मीच मारला ना गं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले नाही. "चूक झाली, पण दुसरा तूच वाचवलास," एवढंच म्हटलं. आता स्पंज मळला की तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळतो. आणि दिवाळीत टँकला सुट्टी!

करून पाहा : एका काचेच्या ग्लासात पाणी आणि दोन चमचे मीठ विरघळवा. पाण्याच्या पातळीवर खूण करून ग्लास खिडकीत ठेवा. आठ दिवसांनी काय कमी झालं आणि काय राहिलं, ते वहीत लिहा आणि आईबाबांना समजावून सांगा.