अश्वशक्तीचा आकडा : पुरावा की पोवाडा?

१/ टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलेल्या गाडीचा डायनो-आलेख हल्ली ताम्रपटासारखा मिरवला जातो. ज्या पत्रावर तिथी नाही, स्थळ नाही, ते पत्र इतिहासाचा अभ्यासक तपासल्यावाचून स्वीकारत नाही. मग ‘७०० अश्वशक्ती’ एवढ्या दोन शब्दांपुढे तो मान का तुकवतो?

२/ हे एकक मुळात व्यापाऱ्याचे. वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला पटावे म्हणून जेम्स वॉटने ते रूढ केले : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. हा दावा पडताळण्याचे साधन, प्रोनीचा ब्रेक, १८२१ साली आले. आजचा डायनो त्याचाच वंशज.

३/ आता खडवली. येथून जाणारा कल्याण-वाशिंद लोहमार्ग १८५५ साली सुरू झाला. १९३० च्या सुमारास याच मार्गाने विजेवरची मालगाडीची इंजिने कसाऱ्याच्या घाटाकडे जाऊ लागली. पुढे ‘डब्ल्यूसीजी-१’ म्हटले गेलेले हे इंजिन म्हणजे रेल्वेतला ‘खेकडा’. शक्ती सुमारे २,६०० अश्वशक्ती.

४/ परंतु विजेच्या इंजिनाच्या आकड्याला रेल्वे नेहमी काळाची अट जोडते : तासभर पेलणारी शक्ती वेगळी, अखंड पेलणारी वेगळी. ३७ फुटांना १ फूट अशा चढावर फुशारकीने गाडी ओढली जात नाही.

५/ मोटारीच्या इतिहासात ही शिस्त उशिरा आली. कॅडिलॅक एल्डोराडोची जाहीर शक्ती १९७१ साली ३६५, १९७२ साली २३५. इंजिन तेच, ८.२ लिटरचे. आधीची मोजणी उघड्या इंजिनाची होती. नंतरची एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा जोडून केलेली.

६/ आजची हातचलाखी अधिक सूक्ष्म आहे. रोलरवर मोजली जाते ती चाकांपाशी पोहोचलेली शक्ती. तीत अंदाजाने ‘१५ टक्के घट’ मिळवून इंजिनाची शक्ती सांगितली जाते. ही मोजणी नव्हे, गृहीतक आहे.

७/ दुसरी मेख हवेच्या दुरुस्तीची. तापमान व वायुदाबानुसार आकडा वाढवण्याचे सूत्र प्रामुख्याने साध्या इंजिनासाठी आहे. टर्बोचा दाब नियंत्रकाने ठरावीक पातळीवर राखला असेल, तर हवा विरळ झाल्याने होणारा तोटा टर्बो बराचसा भरून काढतो. तरीही तीच दुरुस्ती लावली की न झालेल्या तोट्याची भरपाई मिळते.

८/ आणि काळ? डायनोवरची धाव काही सेकंदांची. इंटरकूलर थंड, बॉनेट उघडे, समोर मोठा पंखा. वैशाखातल्या कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीत यांपैकी काहीच नसते.

९/ ‘यंत्र खोटे बोलत नाही’ हा बचाव खरा आहे, पण अपुरा. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, बदलाआधी व बदलानंतर केलेली तुलना मोलाची असते. दोन गावच्या दोन डायनोंचे आकडे शेजारी मांडून लावलेली पैज मात्र पोरखेळ.

१०/ या आकड्यांवर विसंबून तरुण पोरे लाखो रुपये ओततात आणि कारखान्याने निम्म्या शक्तीसाठी घडवलेल्या ब्रेकवर जीव टांगतात. म्हणून आकड्यालाही साधनचिकित्सा हवी : कोठे मोजला, कोणत्या हवेत, किती वेळ? उत्तर नसेल, तर तो पुरावा नव्हे, पोवाडा आहे.