फॉरमॅट मारण्याआधी

वारणेच्या काठावर संगणक गावागावांत पोहोचला तो 1998 साली. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या पुढाकाराने वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पैसा मुख्यतः केंद्र आणि राज्य सरकारचा होता, काही वाटा वारणा समूहाने उचलला आणि तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळली. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली 70 गावे त्यात धरली होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या कारखान्याच्या सभासदाला उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजन, खताची मागणी आणि बिलाची माहिती गावातच मिळावी, वारणानगरचा हेलपाटा वाचावा, एवढा साधा हेतू त्यामागे होता. त्या काळी तो प्रकल्प देशभर गाजला.

त्यानंतर आठ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाचे अभ्यासक तिथे गेले. गावांतल्या केंद्रांवरचे संगणक मुख्यतः उसाच्या व्यवहाराची माहिती पोचवण्यापुरतेच वापरले जातात आणि ते चालू ठेवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे, असे त्यांना दिसले. मग सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाच्या जागी मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. तीच माहिती कमी खर्चात पोचली, आणि ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तो प्रयोग अभ्यासकांच्या जगात ओळखला जाऊ लागला.

या प्रयोगाकडे बहुतेकांनी मोबाइलचा विजय म्हणून पाहिले. संगणक दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाने तो वेगळ्या बाजूने वाचायला हवा. गावात संगणक नेणे सोपे होते. तो तिथे वर्षानुवर्षे नीट चालता ठेवणे अवघड गेले, आणि ते काम ज्याच्या हातात असते त्याच्याकडे योजना आखणाऱ्यांचे लक्ष कमीच गेले.

आज संगणक पुन्हा गावात आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त संख्येने आहे. विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने 2022 मध्ये मंजूर केली तेव्हा देशभरातल्या 63,000 प्राथमिक सोसायट्या तिच्यात धरल्या होत्या. दूध संस्था, पतसंस्था, सेवा केंद्रे, शाळा, वकिलांची ऑफिसे यांची गणती वेगळीच. त्यातच 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला. कुठे जुनी मशीन बदलली जाताहेत, कुठे त्याच मशीनवर विंडोज 11 चढवले जाते आहे. अशा बदलात सर्वांत जास्त घाबरवणारी तक्रार एकच असते. कोडोली-पारगावच्या पट्ट्यातल्या कोणत्याही दुकानात ती ऐकू येईल: “डेस्कटॉपवरचं सगळं गेलं की ओ!”

बहुतेक वेळा काहीच गेलेले नसते. गावाच्या वेशीवरची पाटी कुणी फिरवली म्हणून गाव हलत नाही, तसा हा प्रकार आहे. ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ ही पडद्यावर दिसणारी नावे म्हणजे खरे फोल्डर नव्हेत. खरा फोल्डर डिस्कवर कुठेतरी असतो आणि तो कुठे आहे याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत ठेवते. नोंद चुकली की विंडोज भलतीकडे बघते आणि रिकामी पाटी दाखवते. फायली असतात तिथेच असतात. त्यांना खरा धोका होतो तो पुढच्या अर्ध्या तासात, जेव्हा घाईतला कारागीर म्हणतो, “विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून देतो.”

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नाही, शोधाचे आहे. सी ड्राइव्हमधला युजर्स फोल्डर उघडावा आणि तिथे किती नावे आहेत ते पाहावे. एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन प्रोफाइल सापडणे नवे नाही. मधेच वीज गेली, प्रोफाइलची फाइल बिघडली, की विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलवर आत घेते. पडदा कोरा दिसतो, जुनी प्रोफाइल मात्र शेजारच्या फोल्डरमध्ये शाबूत असते. या तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ग्राहकाने दिवसभर काम केले आणि साइन आउट केले तर त्या दिवसाचे काम खरोखरच पुसले जाते. तेव्हा अशा मशीनवर “आधी एक रिस्टार्ट मारून बघा” असे फोनवर सांगण्यापूर्वी, आज काही नवे टाइप केले आहे का, हे विचारून घ्यावे.

त्याच युजर फोल्डरमध्ये वनड्राइव्ह नावाचा फोल्डर दिसला तर निम्मी तक्रार तिथेच सुटते. नव्या मशीनची सुरुवात मायक्रोसॉफ्ट खात्याने केली की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर बऱ्याचदा मालकाच्या नकळत वनड्राइव्हच्या आत हलवले जातात. फुकट मिळणारी जागा 5 जीबी. ती भरली की सूचना यायला लागतात, त्यांना कंटाळून कुणीतरी बॅकअप बंद करतो, आणि डेस्कटॉप एका क्षणात मोकळा होतो. फायली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये बसलेल्या असतात. मात्र ज्या फायलीवर नुसती ढगाची खूण आहे ती या डिस्कवर नसते, ती खात्यातून उतरवावी लागते. ही खूण न पाहता मशीन फॉरमॅट केले आणि ग्राहकाला खात्याचा पासवर्डही आठवत नसला, की पुढचे उत्तर कारागिराकडेही नसते.

शोध लागला, बाहेरच्या डिस्कवर प्रत काढली, की मग दुरुस्ती. ती बहुतेकदा दोन मिनिटांची असते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. तिथे सध्याचा पत्ता दिसतो आणि खाली तीन बटणे असतात: मूळ जागी परत आणणारे, नव्या जागी हलवणारे आणि सध्याची जागा उघडून दाखवणारे. डी ड्राइव्हवर जागा जास्त म्हणून डॉक्युमेंट्स तिकडे न्यायचे असेल, तर याच ‘मूव्ह’ बटणाने न्यावे. कट-पेस्ट करून नव्हे.

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत अनुभवी माणसेही पडतात. एक, डॉक्युमेंट्सला फोल्डर न देता थेट अख्खा डी ड्राइव्ह देणे. मग ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि मूळ जागी परत आणताना त्यातला सगळा पसारा सी ड्राइव्हकडे ओढला जाण्याची वेळ येते. दुसरा खड्डा अधिक वाईट. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स यांना चुकून एकच जागा दिली जाते. एकदा ते एकमेकांत मिसळले की ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ नकार देते, कारण एकाच जागेवर दोन नावांचा हक्क लागलेला असतो.

अशा वेळी रजिस्ट्रीत हात घालावाच लागतो. करंट युजरखाली एक्सप्लोररच्या शाखेत ‘युजर शेल फोल्डर्स’ ही नोंद आहे. तिथे डॉक्युमेंट्सचे नाव ‘पर्सनल’ असे आहे, पिक्चर्सचे ‘माय पिक्चर्स’, आणि डाउनलोड्सच्या वाट्याला तर महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक आला आहे. विंडोजच्या जुन्या पिढ्यांचा हा वारसा. शेजारीच ‘शेल फोल्डर्स’ नावाची जुळी शाखा आहे. तिच्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच ‘ही नोंद वापरू नका’ अशा अर्थाची सूचना लिहून ठेवली आहे, तरी घाईत नेमकी तीच बदलली जाते आणि मग काहीच का सुधारत नाही म्हणून डोके धरले जाते. हात लावण्याआधी शाखा एक्स्पोर्ट करून ठेवावी. हे सांगायची गरज नसावी, पण आहे.

नोंद आणि जागा यांची गल्लत नवशिक्याकडूनच होते असे समजण्याचे कारण नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चे मोठे अद्यतन बाहेर पडले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण जुन्या जागीही काही फायली राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अद्यतनाने फालतू समजून उडवला. आतल्या फायलींसकट. तक्रारींचे प्रमाण कंपनीच्याच सांगण्यानुसार अगदी नगण्य होते, पण ज्याची फाइल गेली त्याला प्रमाणाचे काय? दुरुस्त केलेले अद्यतन नोव्हेंबरमध्ये पुन्हा आले. त्यातून धंद्याने घ्यायची गोष्ट उघड आहे: फोल्डर वळवल्यावर जुन्या जागेत काही उरले आहे का ते उघडून पाहावे आणि उरले असेल तर हलवावे.

पेनड्राइव्हची कथा निराळी. ग्रामीण भागातल्या सायबर कॅफेंमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला शॉर्टकट व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. ग्राहक शॉर्टकट उघडतो, आतले दिसतेही, आणि त्याच क्लिकसरशी व्हायरस मशीनमध्ये शिरतो. इराणच्या अणुप्रकल्पापर्यंत पोचलेला आणि 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हासुद्धा पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट फायलींचाच आधार घेऊन पसरला होता. तेव्हा सेवा केंद्रातल्या पेनड्राइव्हला किरकोळ समजू नये. आधी मशीन साफ करावे, मग अॅट्रिब आज्ञेने लपवलेल्या फोल्डरांची हिडन आणि सिस्टिम ही दोन्ही चिन्हे काढावीत, आणि शेवटी खोटे शॉर्टकट पुसावेत. क्रम उलटा झाला तर संध्याकाळपर्यंत तोच पेनड्राइव्ह परत येतो.

साध्या शॉर्टकटचे तुटणे त्यापेक्षा निरुपद्रवी आहे. एनटीएफएस डिस्कवर फाइल हलवली तरी विंडोज पुष्कळदा तिचा माग काढते, कारण विंडोज 2000 पासून ती सोय आत आहे. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तसा माग लागत नाही, आणि आज ई असलेले ड्राइव्हचे अक्षर उद्या एफ झाले की सोसायटीच्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला त्याची डाटा फाइल सापडेनाशी होते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे देऊन टाकले की हा त्रास मिटतो.

एक गोष्ट प्रत काढणाऱ्यांसाठी. सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचा लपलेला फोल्डर दिसतो, उघडायला गेले तर परवानगी नाकारली जाते, आणि अनेक जण परवानग्या बदलत बसतात. तो तुटलेला नाही. जुन्या प्रोग्रॅमना युजर्सकडे वळवण्यासाठी व्हिस्टापासून ठेवलेला तो दुवा आहे, त्याला तसाच राहू द्यावा. अशा दुव्यांपैकी काही स्वतःच्याच वरच्या फोल्डरकडे परत वळतात. पूर्ण प्रोफाइलची प्रत काढताना रोबोकॉपीला एक्सजे हा स्विच दिला नाही तर ती एकाच्या आत एक असे फोल्डर उतरवत राहते आणि डिस्क भरून जाते. आणखी एक सवय आता सोडावी लागेल: डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की डाटा मिळतो, हे विंडोज 11 च्या अनेक मशीनवर खरे राहिलेले नाही. डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि तिची रिकव्हरी की ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

एखाद्या गटसचिवाच्या मशीनमध्ये अख्ख्या गावाच्या पीककर्जाच्या नोंदी असतात. फॉरमॅटचे तीन-चारशे रुपये घेऊन ते मशीन परत देणारा कारागीर आणि अर्धा तास युजर्स फोल्डर चाळणारा कारागीर, दोघांनाही मजुरी सारखीच मिळते, ही या धंद्यातली मोठी अडचण आहे. शोधाच्या कामाचे पैसे वेगळे लावावेत, बिलावर ‘डाटा तपासणी’ अशी स्वतंत्र ओळ लिहावी आणि ती लिहिताना संकोचू नये. ग्राहक ते देतो, त्याला नेमके काय वाचले ते दाखवले पाहिजे.

आणि त्याच बिलाच्या मागे चार ओळी आणखी लिहून द्याव्यात: डेस्कटॉप कुठे आहे, डॉक्युमेंट्स कुठे आहे, वनड्राइव्ह चालू आहे की बंद, आणि प्रत कोणत्या डिस्कवर कोणत्या तारखेला काढली. पुढच्या वेळी ते मशीन दुसऱ्याच्या दुकानात गेले तरी त्या कारागिराने आधी तो कागद मागावा.