विश्लेषण : ‘स्टार ट्रेक’मधील मुंबईकर पर्सिस खंबाटा विस्मरणात का गेल्या?

‘स्टार ट्रेक’ म्हटले की मिस्टर स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय आणि उहुराच्या भूमिकेतील निशेल निकोल्स आठवतात. याच अंतराळयानावर मुंबईची एक अभिनेत्रीही होती. तिची आठवण मात्र क्वचितच निघते.

पर्सिस कोण होत्या?
जन्म १९४८ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात. १९६५ मध्ये त्या ‘फेमिना मिस इंडिया’ ठरल्या. ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ (१९७९) या चित्रपटात त्यांनी इलिया ही परग्रहावरील अधिकारी साकारली. यानाची दिशा ठरवणे हे तिचे काम. भूमिकेसाठी पर्सिस यांनी डोक्यावरचे सगळे केस काढले होते.

मग विसर का पडला?
इलिया हे पात्र मुळात नव्या टीव्ही मालिकेसाठी होते. ती मालिका बारगळली आणि त्याच कथेचा चित्रपट झाला. चित्रपटाच्या शेवटी इलिया नाहीशी होते. त्यामुळे पुढील चित्रपटांत तिच्यासाठी जागाच उरली नाही. स्पॉक आणि उहुरा मात्र १९६६ ते १९६९ दरम्यानच्या ७९ भागांतून आणि नंतरच्या पुनःप्रसारणांतून घराघरांत पोहोचले होते.

फरक काय पडला?
निकोल्स यांच्या लोकप्रियतेमुळे ‘नासा’ने १९७७ मध्ये महिला आणि कृष्णवर्णीय अंतराळवीरांच्या भरतीसाठी त्यांची मदत घेतली. पर्सिस यांच्या वाट्याला ‘स्टार ट्रेक’चा एकच चित्रपट आला. १९९८ मध्ये मुंबईतच, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मालिका झाली असती, तर आठवड्याला एकदा तरी हा भारतीय चेहरा अमेरिकी घरांत दिसला असता.