नेरूळहून निघालेली सायकल आणि आपली पाणंद : ट्रॅक्टरला हवा तोच रस्ता सायकललाही हवा

नेरूळ / उरण / अलिबाग : थंडी पडली की शनिवार-रविवारी सकाळी करंजाच्या धक्क्यावर सायकली दिसू लागतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक रंगाचे टीशर्ट, हँडलला मोबाइल. नेरूळ, बेलापूर, वाशीकडून अंधारात निघालेली ही मंडळी उरणमार्गे करंजाला येतात, लाँचमध्ये सायकली चढवतात आणि रेवसला उतरून अलिबाग, मुरुडकडे सुटतात. काही जण पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी अशा फेरीबोटी धरत थेट गोव्यापर्यंत जातात.

अलीकडे यातल्या काही सायकली वेगळ्या दिसतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले जाड, ४० मिलिमीटरच्या आसपास. हिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरावर पळते आणि मुरमाच्या, खडीच्या, कच्च्या रस्त्यावरही अडत नाही. म्हणजेच ही सायकल हायवे सोडून आपल्या शिवारातून जाण्यासाठीच बनवलेली आहे. त्यामुळे हा विषय आता फक्त शहरवाल्यांच्या हौसेचा राहिलेला नाही. तो पाणंदीचा, म्हणजे आपला झाला आहे.

मोठा रस्ता का सोडतात?

२८ फेब्रुवारी २०२४ ची पहाट. नेरूळमध्ये पाम बीच रस्त्यावर सायकलवरून जाणारे अवतार सैनी यांना भरधाव टॅक्सीने मागून धडक दिली. त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय ६८. इंटेल या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचे ते भारतातले माजी प्रमुख होते. हेल्मेट, अनुभव, पहाटेचा मोकळा रस्ता, सगळं असून उपयोग झाला नाही.

रस्ता जितका रुंद आणि गुळगुळीत, तितका गाडीचा वेग जास्त आणि सायकलवाला तितका उघड्यावर. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, त्यावर सायकलच काय, मोटरसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टरलाही बंदी आहे. उरण रस्त्यावर बंदराच्या कंटेनर गाड्यांची रांग असते. मग सायकलवाला बाजूची वाट शोधणारच.

पण ही गोष्ट फक्त नेरूळच्या सायकलवाल्याची आहे का? सकाळी शाळेला निघालेली पोरगी, दुधाचे कॅन बांधून डेअरीवर जाणारा म्हातारा, मासळी घेऊन फिरणारा, हे सगळे सायकलवरच असतात. त्यांच्या अंगावर भडक टीशर्ट नसतो, एवढाच फरक. त्यांना धडक बसली तर बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

नेरूळलाही पाणंदी होत्या

नेरूळ हे मुळात आगरी-कोळ्यांचं गाव. भातखाचरं, मिठागरं, खाडी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला.

जमिनीची लढाई सगळ्यांना आठवते. शेतात जायच्या वाटांचं काय झालं, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. शहराच्या नकाशात सेक्टर आले, पाणंदी गेल्या. आज नेरूळच्या माणसाला मातीच्या रस्त्यावर सायकल चालवायची तर खाडी ओलांडून अलिबाग तालुक्यात यावं लागतं. यात शहाणपण घ्यायचं ते खाडीच्या या बाजूच्या गावांनी.

कारण आता पाळी इकडची आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या काळातली, १९८० च्या सुमाराची. इतकी वर्षं ती कागदावर आणि तुकड्या-तुकड्यांत राहिली. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने खाड्यांवरचे मोठे पूल हाती घेतले आहेत, त्यात करंजा-रेवस पूलही आहे. पूल हवाच. आजारी माणसाला वडखळ फिरून न्यावं लागतं तेव्हा पुलाची किंमत कळते. पण पुलाबरोबर वेग येणार आणि जमिनीला गिऱ्हाईक येणार. लाँचची वाट बघत लोक धक्क्यावर अर्धा तास थांबायचे, चहा-वडापाव घ्यायचे, तेही बंद होणार. त्या वेळी सायकलवाल्याला आणि शाळेच्या पोरीलाही जायला उरेल तो गावातला जुना रस्ता आणि पाणंद.

परदेशात काय झालं?

इटलीत टस्कनी भागात द्राक्षाच्या मळ्यांमधून पांढऱ्या मातीचे जुने रस्ते जातात. त्यांच्यावर डांबर पडून ते संपतील, या काळजीने १९९७ मध्ये गायोले या लहान गावातून जुन्या सायकलींची एक फेरी निघाली. ‘लेरोइका’ तिचं नाव. पहिल्या वर्षी शंभरही लोक नव्हते, आज तिथे जगभरातून हजारो येतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया हे गुराढोरांच्या कुरणांमधलं गाव. तिथली खडीच्या रस्त्यांवरची शर्यत २००६ मध्ये ३४ जणांनी सुरू केली, तीही आता हजारोंवर गेली आहे.

दोन्हीकडे रस्ता शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातला होता. पर्यटनासाठी वेगळा काही बांधला नव्हता. आपण घ्यायचं ते एवढंच.

एका खर्चात दोन कामं

ट्रॅक्टरला काय लागतं? मुरूम-खडीचा दाबलेला थर, दोन्ही बाजूंना चर, पाणी जाईल तिथे मोरी. ग्रॅव्हल सायकललाही तेच लागतं. सिमेंट लागत नाही, पेव्हर ब्लॉक तर मुळीच नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद व्हावी, असा निर्णय काढला. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते.

म्हणजे कायदा आहे, योजना आहे. अडतं ते भावकीत. बांधाचा एक फूट सोडायला कुणी तयार नसतो. पण ज्या रस्त्याची नोंद नाही, त्याचा मोबदलाही भूसंपादनात मागता येत नाही आणि तो गेला तर विचारताही येत नाही. सायकल आली नाही तरी चालेल, नोंद मात्र आत्ताच हवी.

बांध म्हणजे रस्ता नव्हे

इथे एक धोका आहे. खारेपाटात समुद्राचं पाणी अडवणारे खारबंदिस्तीचे बांध फोटोत फार छान दिसतात. एकीकडे खाडी, दुसरीकडे भात. पण हा बांध मातीचा आहे. पावसाळ्यात ओल्या बांधावर चाकांनी चर पडला, तिथून पाणी मुरलं, उधाणाला खांड गेली, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं हाताची जाते. पूर्वी गावं एकत्र येऊन बांध राखायची. आज बांधाला वाली कमी झाले आहेत, त्यात चाकांची भर नको.

तसंच दक्षिणेला. दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला लागून डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता सायकलवाल्यांचा लाडका. तिथे पावसात दरड आणि वळणावर गाडी, दोन्ही सांभाळावं लागतं. रत्नागिरीच्या कातळसड्यांवर हजारो वर्षांची कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. मोकळा सडा दिसला म्हणून त्यावर चाक घालायचं नसतं.

पैसा गावात कसा थांबेल?

आज सायकलवाला पाण्याची बाटली आणि चहा घेतो, मोठा खर्च करतो तो समुद्राकाठच्या हॉटेलात. मधल्या गावाला मिळते ती धूळ आणि रिकामी पाकिटं.

खरं तर त्यांचा हंगाम आणि आपला माल एकाच वेळी येतो. जानेवारीत वालाच्या शेंगा आणि पोपटी, मग अलिबागचा पांढरा कांदा. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सायकलवाला दहा किलो कांदा नेणार नाही, पण गरम भाकरी, पोपटी, नारळपाणी घेईल, स्वच्छ संडास आणि पंक्चरची सोय असेल तर थांबेल. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात शेतकऱ्याला नोंदणी करता येते. बचत गटालाही हे जमण्यासारखं आहे.

त्यासाठी ग्रामसभेत चार गोष्टी ठरवाव्या लागतील. कुठली पाणंद सगळ्यांना खुली आणि कुठली फक्त शेताची. जून ते ऑक्टोबर कुठल्या बांधावर चाक नको. लावणी-झोडणीच्या दिवसांत बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला आधी वाट. आणि पाटी मराठीत, ठळक अक्षरांत.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पाणंदींची यादी आणि त्यांची सातबाऱ्यावरची नोंद हा एक विषय घालायला खर्च शून्य आहे. नेरूळकरांना ही संधी मिळालीच नाही. पूल होण्याआधी खाडीच्या अलीकडच्या गावांना ती अजून आहे.