बाळ जेवतंय, जेवू द्या

हॉटेलात बाळाला पाजायला बसलेल्या आईला उठवू नका. तिला कोपरा दाखवू नका, स्वच्छतागृहाकडे बोट करू नका, 'जरा आत जाऊन बसा' म्हणू नका. ती बसली आहे तिथेच तिचं बाळ दूध पिईल आणि आपण आपलं ताट संपवू. मागणी एवढीच आहे. तरीही ती सविस्तर मांडावी लागते, कारण मनातून पटलेली माणसंसुद्धा आयत्या वेळी मान खाली घालून जेवत राहतात.

गेल्या उन्हाळ्यात महामार्गावरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. नवरा-बायको, सासूबाई आणि तीन-चार महिन्यांचं बाळ. बाळ मूठ तोंडात घालायला लागलं, मान इकडेतिकडे वळवायला लागलं, तसं आईनं ओढणी सारखी केली आणि त्याला घेतलं. दोन मिनिटंही झाली नसतील, गल्ल्यावरचा माणूस आला. तिच्याशी तो बोललाच नाही. नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, इथे फॅमिली बसतात. मॅडमना मागे वॉशरूम आहे." नवरा उठला, सासूबाईंनी पिशवी उचलली आणि त्या मुलीनं पिणारं बाळ सोडवून घेतलं. हात धुवायला मी मागे गेले, तेव्हा ती बेसिनला टेकून उभी होती. फरशी ओली, फिनेलचा वास, दर मिनिटाला आपटणारं दार. बाळ रडून लालबुंद झालेलं, तोंड लावायलाच तयार नाही. मी बाहेरून खुर्ची ओढत नेली, तिला दाराबाहेरच्या हवेशीर जागी बसवलं आणि मग गल्ल्यावर जाऊन बोलले. तो माणूस वाईट नव्हता. 'गिऱ्हाईक तक्रार करतात हो ताई,' एवढंच त्याचं म्हणणं. कोणी तक्रार केली होती का, असं विचारल्यावर म्हणाला, अजून नाही.

या 'अजून नाही'पायी एका बाळाला भरल्या हॉटेलात उपाशी ठेवलं गेलं. ती मुलगीही फॅमिलीतलीच होती, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

'घरून पाजून निघायचं ना' असं म्हणणाऱ्यांनी बाळाचं पोट समजून घ्यावं. पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे एक पिणं संपून ढेकर काढली, दुपटं बदललं, की पुढच्याची वेळ जवळ आलेलीच असते. पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं, लसीकरणाच्या रांगेतून सुटलेलं किंवा लग्नाच्या खरेदीला आईबरोबर आलेलं बाळ वाटेत दोनदा तरी पिणारच. आणि रडू लागणं ही भुकेची शेवटची खूण असते. त्याआधी ते ओठ चाटतं, कुशीत तोंड खुपसतं. आईला ते दिसतं, म्हणून तर ती रडण्याआधीच घेते. तिला थांबवलं की रडं सुरू होतं आणि रडणाऱ्या बाळाला अंगावर घेणं दुप्पट अवघड. हॉटेलातली शांतता हवी असलेल्यांनीही ही गोष्ट ध्यानात धरावी.

आईच्या अंगाचंही तेच. पाजायची वेळ टळली की छाती दगडासारखी होते, ठणकते, कपडे भिजतात. वारंवार टळली तर गाठी होतात, ताप भरतो. शिवाय पान्हा मनावर अवलंबून असतो. दूध वाहतं करणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीतीनं, संकोचानं, ताणानं अडतं. चार डोळे रोखून बघत असताना, वेटर घुटमळत असताना बाळ ओढत राहतं आणि दूध येत नाही. मग ती घरी येऊन म्हणते, 'मला दूधच पुरत नाही.' अशा कितीतरी जणी पुढे वरच्या दुधावर वळतात.

'बाटलीत काढून आणावं' हा सल्लाही फार ऐकू येतो. दूध काढायला वेळ लागतो, ते थंड ठेवावं लागतं, बाटली उकळावी लागते आणि कित्येक बाळं बाटलीला तोंडच लावत नाहीत. पावडरीच्या दुधाच्या जाहिरातींना आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, ती अंगावरचं दूध टिकावं म्हणूनच. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी निव्वळ अंगावरचं दूध मिळणारी 63.7 टक्के आहेत, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. बाकीच्यांची कारणं अनेक आहेत. पण घराबाहेर पाजायची चोरी असेल, तर बाळंतिणीपुढे दोनच वाटा उरतात: घरात कोंडून राहा, नाहीतर बाटली धर. त्या दोन्ही आपण तिच्यावर लादू नयेत.

स्वच्छतागृहाबद्दल जास्त काही बोलायला नको. जिथे आपण स्वतः घासभर खाणार नाही, तिथे बाळाला दूध पाजायला सांगू नये.

झाकून घेण्याचा प्रश्न मात्र तिचा. कुणाला पदराआड बरं वाटतं, कुणाला ओढणी पुरते, कुणाचं बाळ तोंडावर कापड येताच हातानं झिडकारतं. एप्रिलच्या उकाड्यात कापडाखाली त्याचाही जीव गुदमरतो. तिनं झाकावं की नाही, किती झाकावं, हे बाहेरच्यानं सांगायचं कारण नाही. खरं तर पिणाऱ्या बाळाच्या डोक्याआड दिसण्यासारखं फारसं काही नसतंच. ज्याला दिसतं, तो मुद्दाम बघत असतो आणि अशा वेळी सांगायचं असेल तर बघणाऱ्याला सांगावं.

कायदा काय म्हणतो, असं हॉटेलमालक विचारतात. स्कॉटलंडमध्ये 2005 पासून सरळ कायदाच आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक ठिकाणी, हॉटेलातसुद्धा, दूध पाजण्यापासून रोखणं हा गुन्हा. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण आपण रिकाम्या हातांचेही नाही. घटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. ज्या महाराष्ट्रात चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर टांगलेली असे, त्याला हे कलम कशासाठी आलं ते समजावून सांगावं लागू नये. त्याच कलमात 'लिंग' हा शब्द आहे आणि बाळाला पाजते म्हणून बाईला टेबलावरून उठवणं त्यात बसतं, असं माझं ठाम मत आहे.

न्यायालयांनीही वाट मोकळी केली आहे. 2018 मध्ये एका मल्याळम नियतकालिकानं बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचं छायाचित्र मुखपृष्ठावर छापलं, त्याविरुद्ध अश्लीलतेची तक्रार झाली. केरळ उच्च न्यायालयानं त्यात अश्लील काही नाही असं ठरवलं. 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं अंगावर पाजणं हा आईचा न हिरावता येणारा हक्क म्हटला आणि त्याची सांगड जगण्याच्या मूलभूत हक्काशी घातली. 2025 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांनी सार्वजनिक इमारतींत पाजण्यासाठी खोल्या असाव्यात असं सांगितलं, आणि सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये हेही बजावलं. खोल्या मिळाल्या तरी टेबलावर पाजणं चूक ठरत नाही, हे यातून आपण घ्यायचं.

हिरकणीच्या नावाचे कक्ष आपल्या एसटी स्थानकांवर आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा प्रत्येक मराठी मुलाला शाळेतच कळते. पण नाव दिलं की काम झालं, असं होऊ नये. डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. पुढच्याच अधिवेशनात मुंबईच्या विधान भवनातला हिरकणी कक्ष धुळीनं भरलेला बघून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदाराची ही गत, तर तालुक्याच्या स्थानकावर पिशवी-बाळ सांभाळत उभ्या असलेल्या बाईनं कुणाकडे जावं? चांगला, उघडा, पंखा चालणारा कक्ष ही मोठी सोय आहे. जिला आडोसा हवा तिला तो मिळावा. जिला नको तिच्यावर सक्ती नको.

आपल्याकडे हे नवीनही नाही. शेताच्या बांधावर, मंडईत भाजीच्या ढिगाशेजारी, वारीत झाडाखाली, लाल गाडीच्या खिडकीशी बायका पिढ्यान्‌पिढ्या पाजत आल्या आहेत आणि कुणी त्यांना उठवलेलं नाही. काचेचं दार आणि वातानुकूलन आलं तिथेच ही अडचण वाढली. 2018 मध्ये कोलकात्याच्या एका मॉलमध्ये आईला पाजण्यासाठी स्वच्छतागृह दाखवलं गेलं. तिनं तक्रार केली, तर मॉलच्या फेसबुक पानावरून उत्तर आलं की घरची कामं घरी करावीत. लोक खवळले, तेव्हा मॉलनं माफी मागितली. बाळाची भूक हे घरी उरकून यायचं काम आहे असं समजणारी माणसं आपल्या शहरांतही गल्ल्यावर बसलेली आहेत.

म्हणून घरच्यांना विनंती. नवऱ्यानं उठू नये. कुणी येऊन कानात कुजबुजलं तर बसल्या जागी, आवाज न चढवता म्हणावं, 'बाळ पितंय, पाच-दहा मिनिटांत होईल.' सासूबाईंनी, आईनं 'लोक काय म्हणतील' हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी घरी ठेवावं. तुम्ही तिच्या बाजूला पाठ ताठ करून बसलात, तर हॉटेलातला कोणीही पुढे येत नाही. तिचा डोसा गार होत असेल तर तुकडे करून तिच्या हाताशी द्या. एका हातानं खाता येतं.

शेजारच्या टेबलावरच्यांनी नेहमीसारखं जेवावं. बघू नका, कौतुकाचं भाषणही नको. मात्र तिला कुणी हटकलं तर तोंड उघडा. 'आम्हाला काही अडचण नाही' हे एक वाक्य परक्या माणसाकडून आलं की मालकाचा धीर सुटतो आणि त्या मुलीचा बांधला जातो. मोबाइल काढून चोरून फोटो घेताना कोणी दिसलं, तर मालकाला बोलवा. तो ऐकत नसेल तर 112 वर फोन करा.

बायांनो, तुम्ही परवानगी मागू नका. 'इथे पाजलं तर चालेल का' असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची मुभा मिळते. भिंतीकडची खुर्ची, पुढून उघडणारा कुर्ता, खांद्यावर दुपटं असं जे तुम्हाला सोपं वाटतं ते करा आणि बसा. कोणी उठवलं, तर 'मॅनेजरना बोलवा आणि कोणत्या नियमानं ते लेखी द्या' एवढं शांतपणे म्हणा.

आणि हॉटेलवाल्यांनो, तुमच्या धंद्याला यात एक पैचा खर्च नाही. जुन्या हॉटेलांत पडदे लावलेल्या फॅमिली रूम असत. बायकांनी बाहेर जेवायचीच चोरी होती, त्या काळातली ती सोय. बायका पडद्यातून बाहेर येऊन मधल्या टेबलावर बसल्या, आणि त्यांना जेवू घालूनच तुमची हॉटेलं मोठी झाली. आता आणखी थोडं करा. आज दुपारची गर्दी ओसरली की पोरांना गोळा करा आणि सांगा: बाळाला पाजणाऱ्या ताईजवळ जायचं ते फक्त कोमट पाणी हवं का, पंखा कमी करू का, एवढंच विचारायला. कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं, तर त्याला नम्रपणे दुसरं टेबल द्यायचं. तिला हलवायचं नाही. आणि हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाही ऐकू येईल असं सांगा.