निकाल लागल्यावर बघू म्हणेपर्यंत दार बंद

शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही घरात, मग ते आगऱ्याचं असो, ठाकराचं असो की मुसलमानाचं, बारावीनंतरच्या शिक्षणाचा विषय निघाला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : ‘आधी निकाल लागू दे, मग बघू.’ यावरून शहरातले लोक आपल्याला बेफिकीर ठरवतात. मला हे वाक्य बेफिकिरीचं वाटत नाही. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत तो मुलीचे गुण हातात आल्याशिवाय फॉर्मवर हजार-पाचशे का घालेल? बापाचा हिशेब बरोबर आहे. चुकीचं आहे ते प्रवेशाचं वेळापत्रक.

तारखाच पाहा. २०२५ मध्ये राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ यांच्या पदवी प्रवेशासाठी लागणाऱ्या सीयूईटीचा अर्ज भरायची मुदत मार्चमध्येच संपली होती. खासगी विद्यापीठांत घाई आणखी मोठी. सोनिपतच्या अशोका विद्यापीठात प्रवेशाच्या अनेक फेऱ्या असतात, आणि पहिल्या फेऱ्या बोर्डाच्या परीक्षेआधीच होऊन जातात. अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांत लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बहुधा १ नोव्हेंबर असते. तिथल्या ‘अर्ली डिसिजन’मध्ये अट अशी, की प्रवेश मिळाला तर दुसरीकडे जायचं नाही. म्हणजे चार ठिकाणची शिष्यवृत्ती समोर ठेवून तुलना करायची सोय नाही. ही अट पैशाची चिंता नसलेल्यालाच परवडते.

हे आपलंच रडगाणं आहे असं समजू नका. २००६ मध्ये हार्वर्डने लवकरच्या अर्जाची पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण हेच दिलं, की तिचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो. प्रिन्स्टननेही तेच केलं. बाकीची बडी कॉलेजं मात्र हलली नाहीत, आणि २०११ मध्ये दोघांनीही ती पद्धत पुन्हा सुरू केली. यातून घ्यायचा धडा सरळ आहे : एखाद्या संस्थेच्या चांगुलपणाने हे सुटत नाही. सगळ्यांना बांधणारा नियम लागतो.

आता मुलाखतीकडे येऊ. परदेशी कॉलेजांत ही मुलाखत पुष्कळदा माजी विद्यार्थी घेतात. आपल्याकडच्या काही विद्यापीठांत प्राध्यापक घेतात. समर्थक म्हणतात, गुणपत्रिकेत न दिसणारा माणूस मुलाखतीत दिसतो. म्हणणं खोटं नाही. पण दिसतो कोणाला? समोर बसलेला गृहस्थ वादविवाद स्पर्धा, नाटक, परदेशवारी यांना ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणत असेल, तर बापाचं किराणा दुकान सांभाळून विज्ञान शाखा करणारा मुरबाडचा पोरगा त्याला कसा दिसेल? दुपारी मोहल्ल्यातल्या लहान मुलांना कुरआन वाचायला शिकवणारी किन्हवलीची मुलगी हे काम ‘उपक्रम’ म्हणून सांगेल का? तिला कुणी सांगितलेलंच नसतं की हे सांगण्याजोगं आहे. तिच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहून समोरच्याचं मत आधीच बनलं असेल, तर ते कागदावर कुठेही उमटत नाही. ‘छाप पडली नाही’ एवढं लिहिलं की काम भागतं.

या पद्धतीचा जन्मही फारसा निष्पाप नाही. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली; पाचात एकापेक्षा जास्त. अध्यक्ष लॉवेल यांना त्यांच्यावर उघड मर्यादा हवी होती. ती मान्य झाली नाही. मग काही वर्षांतच ‘चारित्र्य’, फोटो, शिफारशी आणि व्यक्तिगत छाप यांना प्रवेशात वजन आलं आणि ज्यूंची संख्या घटली. नको असलेल्या समाजाला नाव न घेता बाहेर ठेवायचं असेल, तर ‘व्यक्तिमत्त्व’ हा सोयीचा शब्द आहे. हे ज्यूंच्या बाबतीत घडलं. आपण त्यातून शिकायला हवं.

आपल्याच देशातला दाखला जास्त जवळचा. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि त्यातही विचारपूस वडिलांची व पत्त्याची, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. अजय हसिया खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की तोंडी परीक्षेला एक तृतीयांश वजन देणं मनमानी आहे. १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि मुलाखत टेपवर नोंदवून ठेवणं इष्ट. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. ती नोंद विद्यार्थ्याला मागता येईल असं किती संस्था सांगतात?

इथे आपल्या घरातलंही बोलायला हवं. २००५ च्या इनामदार खटल्याचं नाव आपण अभिमानाने घेतो. विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आपलं आरक्षण लादू शकत नाही, असं सात न्यायमूर्तींनी त्यात सांगितलं. पण त्याच निकालात प्रवेश न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असावा हेही आहे. ते वाक्य आपण सोयीने गाळतो. त्यानंतर ९३ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातूनही अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. एवढी मोकळीक ज्या समाजाला मिळाली, त्याच्या संस्थांत प्रवेश ओळखीने, चिठ्ठीने, ‘सेक्रेटरीसाहेबांना भेटून घ्या’ म्हणत होणार असेल, तर शहापूरच्या वीटभट्टीवरच्या मुसलमानाला त्या अल्पसंख्याक हक्काचा उपयोग काय? हक्क समाजाचा आहे, विश्वस्तांच्या नातेवाइकांचा नाही.

तारखांचा मार आणखी एका ठिकाणी बसतो : दाखले. मुसलमानांतल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या जागी नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग तहसील, प्रांत, पडताळणी समिती. निकाल लागल्यावर हे सुरू केलं तर प्रवेशाची फेरी संपते आणि मूल खुल्या जागेत ढकललं जातं. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५ पासून आपल्या तालुक्यांनाही लागू झाला. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ बंद पडलं आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. सरकारचं यंत्र अडलं की तारीख वाढते. मुरबाडला रेल्वे नाही, एसटी चुकली म्हणून कुणी तारीख वाढवत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. राज्य मंडळाच्या निकालानंतर किमान पंधरा दिवस अर्ज घेतल्याशिवाय कुठल्याही विद्यापीठाने सगळ्या जागा भरू नयेत. आधीच्या फेरीत सगळी शिष्यवृत्ती संपवू नये. मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन नको, तिची नोंद ठेवावी, मराठीत बोलायची मुभा असावी. या अटी अल्पसंख्याक संस्थांनी कायद्याची वाट न पाहता आधी स्वतःवर लावून घ्याव्यात.

तोवर आपल्या हातातलं काम करू. दहावीच्या वर्षातच दाखल्यांची फाईल तयार करायची. जमातीच्या फळ्यावर चंदा आणि वफातच्या बातम्यांशेजारी नोव्हेंबरपासून प्रवेशाच्या तारखाही लिहायच्या. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं त्यासाठी द्यायची. मुंबईला पाणी देणारे तानसा, भातसा, मोडकसागर इथल्याच डोंगरांत आहेत. त्या पाण्याला मुंबईत जायला अर्ज भरावा लागत नाही, मुलाखत द्यावी लागत नाही. आमच्या मुलांनी दोन्ही द्यायला हरकत नाही. फक्त दार निकालाच्या दिवशी उघडं असावं.