बसचे स्टेअरिंग आमच्या तरुणांच्या हाती कधी?

नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू आहे. रस्ते, पूल, घाट, वाहनतळ यांसाठी कोट्यवधींच्या निविदा निघत आहेत. लाखो लोकांची ने-आण करायला बसगाड्या लागणार आणि बसगाड्यांना चालक लागणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. हे चालक कुठून येणार, हा आमचा साधा सवाल आहे. सातपूर, अंबड, सिडको, फुलेनगर, नाशिकरोडच्या वस्त्यांमध्ये कारचे लायसन्स खिशात घेऊन फिरणारे शेकडो तरुण आहेत. कुणी साहेबांची मोटार चालवतो, कुणी टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून जातो. कारच्या स्टेअरिंगपासून बसच्या स्टेअरिंगपर्यंतचे अंतर त्यांना का कापता येत नाही, याचा विचार शासनाने आणि समाजानेही केला पाहिजे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात निकाल दिला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा तो निकाल आहे. टॅक्सी, छोटा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या लाखो चालकांना त्यामुळे दिलासा मिळाला. पण "आता कारच्या लायसन्सवर काहीही चालवता येते" असा त्याचा अर्थ कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा! शहरातली मोठी बस या वजनात बसत नाही. योग्य परवान्याशिवाय ती चालवली तर चालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झालाच, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला निघते. मालक हात झटकतो आणि शेवटी सगळे खापर फुटते ते गरीब ड्रायव्हरच्या डोक्यावर.

कायद्याने दाखवलेला मार्ग तसा सरळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अशा परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा पक्का परवाना किमान एक वर्ष हातात हवा. त्यानंतर डॉक्टरांचा नमुना १-अ मधील दाखला, शिकाऊ परवाना, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र आणि शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाल्यावर अवजड वाहनावर चाचणी, असा क्रम आहे. प्रवासी वाहनासाठी त्यापुढे बॅज लागतो. पूर्वी हा परवाना तीन वर्षांनी नवा करावा लागे; २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली.

त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. व्यावसायिक परवान्यासाठी आठवी पासची अट होती. जो आठवीच्या आत वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेला, त्याचा हात कितीही साफ असला तरी त्याला हा परवाना मिळत नव्हता. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. म्हणजे कायद्याने दार उघडले, कामही आहे आणि माणसेही आहेत. मग अडते कुठे?

अडते पैशापाशी! अवजड वाहन शिकायला अवजड वाहनच लागते. कार शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत. बस किंवा ट्रक शिकवणाऱ्या मोजक्या आणि त्यांची फी रोजंदारीवर जगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. शिकायचे म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरीही बुडते. त्यात नोकरीच्या जाहिराती अवजड वाहनाचा अनुभव मागतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! ज्याच्या बापाचा किंवा चुलत्याचा ट्रक आहे, तो या चक्रातून सुटतो. आमच्या तरुणाच्या घरी ट्रक कुठून येणार? मग तो एजंटच्या हाती सापडतो. पैसे मोजून प्रमाणपत्र मिळते, पण बस वळवायची कशी, हे त्या कागदावरून कळत नाही.

अपुऱ्या प्रशिक्षणाची किंमत काय असते, याची चर्चा मुंबईने ऐकली आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतील कंत्राटी इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे जीव गेले. त्या चालकाला या प्रकारच्या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. म्हणूनच आमची मागणी अटी सैल करण्याची नाही. अटी कडकच हव्यात. पण त्या पूर्ण करण्याची ऐपत गरिबाला मिळाली पाहिजे. २०२१ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांत मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी अवजड वाहनाचा सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. तो पूर्ण करणाऱ्याला आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. नियम चांगला आहे. फी कोण भरणार, एवढाच प्रश्न आहे.

आता नाशिकच्या शहर बससेवेकडे पाहू. एस.टी. महामंडळ ही सेवा चालवत होते तेव्हा चालक महामंडळाचा कर्मचारी होता आणि भरतीला आरक्षण लागू होते. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीची सिटीलिंक सेवा सुरू झाली. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा आणि कंपनी किलोमीटरप्रमाणे पैसे मोजणार, असा हा कारभार. संविधानाच्या कलम १६(४) चे संरक्षण सरकारी सेवेला आहे; ठेकेदाराच्या हजेरीपटाला ते लागू होत नाही. खासगीकरणाने आरक्षण कसे गुपचूप संपवले जाते, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. पगार थकले म्हणून या सेवेतील चालक-वाहकांना एकापेक्षा अधिक वेळा काम बंद करावे लागले. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ नियोक्त्याने ते द्यावे, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेतही ती आहे. तेव्हा "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे" असे म्हणून महापालिकेला अंग काढून घेता येणार नाही.

मनात आणले तर मार्ग निघतो, हे एस.टी.ने दाखवले आहे. २०१९ मध्ये महामंडळाने महिला चालकांची निवड केली आणि त्यांना स्वतःच प्रशिक्षण दिले. २०२३ मध्ये त्यांच्यातील महिलांनी प्रवाशांनी भरलेली एस.टी. चालवून दाखवली. एस.टी.ला जमले ते नाशिक महापालिकेला का जमू नये? निविदेत दरवर्षी ठरावीक स्थानिक तरुण-तरुणींना मोफत प्रशिक्षण देण्याची, शिकत असताना विद्यावेतनाची आणि वेळेवर पगाराची अट घालावी. १९७८ पासून काम करणाऱ्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने आपल्या प्रशिक्षण योजनेत अवजड वाहनाचा पूर्ण अभ्यासक्रम घ्यावा आणि त्याची फी थेट केंद्राला द्यावी. सिंहस्थासाठी चालक लागणारच आहेत. ते बाहेरून आणण्यापेक्षा याच शहरातून घडवावेत.

तरुणांनाही आमचे सांगणे आहे. ज्यांच्या लायसन्सला वर्ष झाले आहे त्यांनी वाट पाहत बसू नये. एजंटला टाळा, अर्ज स्वतः भरा, प्रत्येक पावती जपून ठेवा. वस्तीतील मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा बाजूला काढून दोन-चार मुलामुलींच्या प्रशिक्षणाची फी भरावी. बाबासाहेबांना डी.जे.च्या आवाजापेक्षा हे अभिवादन निश्चितच अधिक शोभून दिसेल. आणि दहा-वीस जणांनी मिळून महापालिकेकडे लेखी मागणी करावी, माहितीच्या अधिकारात निविदेच्या अटी मागाव्यात. एकट्याचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो, वीस जणांच्या सहीच्या अर्जाला मात्र उत्तर द्यावे लागते!